‘फारच अति’ की ‘अगदी खरं’? ‘द रेजीम’वरचे अभिप्राय कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा: एका वाचनालयाच्या गटानं ‘द रेजीम’ ही सहा भागांची मालिका आपापल्या घरी बघितली. मग सगळे एकत्र जमले, चर्चा झाली आणि निघताना प्रत्येकाकडून एकेक चिठ्ठी लिहून घेतली. कुणी लिहिलं ‘फारच अति’, कुणी ‘अगदी खरं वाटलं’, कुणी ‘ना हसू आलं, ना भीती वाटली’. काहींनी तर ‘बाई खंबीर आहे, आवडली’ असंही लिहिलं. एकाच मालिकेवर इतके टोकाचे अभिप्राय कसे येतात? त्यातून काही निष्कर्ष काढता येतो का? आणि पुढच्या वेळी अभिप्राय घ्यायचे तर कसे घ्यावेत?

निष्कर्ष काढता येतो, पण या चिठ्ठ्यांवरून फार थोडा. चिठ्ठीवर मत उतरतं. प्रतिक्रिया त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. मत सगळ्या मालिकेबद्दल असतं, प्रतिक्रिया एखाद्या प्रसंगाला येते: इथे हसलो, इथे हसू थांबलं, इथे मोबाइल हातात घेतला. आणि लहरी हुकूमशहावरच्या विडंबनात तर प्रसंग पकडल्याशिवाय काहीच कळत नाही, कारण अशा मालिकेत एकाच वेळी दोन गोष्टी चाललेल्या असतात. एक म्हणजे राज्यकर्त्याची लहर. दुसरी म्हणजे ती लहर झेलणारी माणसं. प्रेक्षकाची नजर या दोनांपैकी कुणावर खिळली होती, यावर त्याचा अभिप्राय ठरतो. तुमच्या चारही प्रकारच्या चिठ्ठ्या याच एका चावीनं उघडतात.

मालिका न बघितलेल्यांसाठी जरुरीपुरतं सांगतो. ‘द रेजीम’ एचबीओवर 3 मार्च ते 7 एप्रिल 2024 या काळात दर आठवड्याला एक भाग अशी आली. भारतात ती तेव्हा जिओसिनेमावर होती. निर्माता-लेखक विल ट्रेसी, दिग्दर्शन स्टीव्हन फ्रीअर्स आणि जेसिका हॉब्ज यांचं. मध्य युरोपातल्या एका बिननावाच्या देशाची चॅन्सेलर एलेना व्हर्नहॅम ही केट विन्स्लेटनं केली आहे. एलेना मूळची डॉक्टर, निवडणूक जिंकून सत्तेवर आलेली, आणि आता महालाच्या हवेत बुरशी आहे या भीतीनं पछाडलेली. हर्बर्ट झुबाक हा सैनिक कोबाल्टच्या खाणीवरच्या आंदोलकांवर गोळ्या झाडल्यामुळे ‘खाटीक’ म्हणून बदनाम झालेला असतो. त्याला महालात बोलावून काम काय देतात, तर हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र हातात धरून बाईंच्या पुढे पुढे चालायचं. बाईंच्या वडिलांचं शव काचेच्या पेटीत ठेवलेलं आहे आणि त्या त्याच्याशी बोलतात. पुढे शेजारचा प्रदेश गिळणं, बंड, पळापळ हे सगळं येतं.

आता त्या आर्द्रता मोजण्याच्या प्रसंगाजवळ जरा थांबू. पडद्यावर तीन थर आहेत. बाई नाकावर भीती घेऊन चालतायत. पुढे एक धिप्पाड सैनिक हातातल्या लहानशा यंत्रावरचे आकडे बघतोय. आणि आजूबाजूला मंत्री, अधिकारी, नोकर, ज्यांना हवा ठीक आहे हे पक्कं माहीत आहे, पण चेहऱ्यावर रेषही हलत नाही. पहिल्याच भागातल्या मेजवानीत बाई पाहुण्यांसमोर एक जुनं इंग्रजी प्रेमगीत बेसूर गातात. तिथेही बेसूर गाणं हा अर्धाच विनोद आहे. उरलेला अर्धा टाळ्या वाजवणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर आहे. आपल्याकडे ‘राजा बोले, दळ हाले’ म्हणतात. या मालिकेत राजा हा देखावा आहे, विषय ‘दळ हाले’ हा आहे.

ज्यानं फक्त बाईंकडे बघितलं त्याला दोन भागांत विनोद संपल्यासारखा वाटतो. बुरशी झाली, काचेची पेटी झाली, हवा शुद्ध करायला महालभर गरम बटाट्यांची वाफ झाली, आता पुढे काय? तो ‘अति’ लिहितो. ज्यानं दळाकडे बघितलं त्याला दर भागात काही तरी वाढत गेलेलं दिसतं. तो ‘खरं वाटलं’ लिहितो. दोघांनी मालिका एकच बघितली, माणसं वेगळी बघितली.

‘अति’ या शेऱ्यामागे आणखी एक गोष्ट असते: खऱ्या लहरी राज्यकर्त्यांबद्दलची माहिती कमी असणं. तुर्कमेनिस्तानच्या सपरमुरात नियाझोवनं 2002 साली महिन्यांची नावं बदलली. जानेवारीला स्वतःचा किताब, एप्रिलला आईचं नाव. राजधानी अश्गाबातमध्ये सूर्याबरोबर फिरणारा त्याचा सोनेरी पुतळा होता. ऑपेरा आणि बॅलेवर त्यानं बंदी घातली होती. इतकं ऐकून हसू येतं. पण त्याच माणसानं 2005 साली राजधानीबाहेरची रुग्णालयं बंद करण्याचा आदेश दिला, आणि तिथे हसू संपतं. दुसरं उदाहरण ब्रह्मदेशाच्या ने विनचं. सप्टेंबर 1987 मध्ये 25, 35 आणि 75 क्यातच्या नोटा काहीही भरपाई न देता रद्द झाल्या आणि त्यांच्या जागी 45 आणि 90 क्यातच्या नोटा आल्या. का, तर दोन्ही आकड्यांना नऊनं भाग जातो आणि नऊ हा त्याचा शुभ आकडा. विद्यार्थ्यांचे फीसाठी जमवलेले पैसे एका दिवसात कागद झाले, रंगूनमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि पुढच्याच वर्षी, 1988 मध्ये, देशभर उठाव झाला. अशा कारभाराला मराठीत ‘तुघलकी’ हा शब्द तयारच आहे. मात्र हा शब्द वापरताना आपण सुलतानाच्या डोक्याबद्दल बोलतो, हुकूम बजावणाऱ्यांबद्दल बोलत नाही. प्रेक्षकही नेमकं तेच करतो.

म्हणून चर्चा घेणाऱ्यानं ‘अति’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. त्याला एवढंच विचारावं, ‘कुठला प्रसंग अति?’ त्यानं बुरशीचा सांगितला तर तो एलेनावर बोलतोय. मंत्र्यांच्या गप्प बसण्याचा सांगितला, म्हणजे ‘एवढे शिकलेले लोक असं सहन करतीलच कसे’ असं म्हणाला, तर ते अतिशयच मोलाचं उत्तर आहे. विडंबन त्याला बरोबर जागी बोचलंय, त्याला ते पटवून घ्यायचं नाहीये इतकंच. या दोन ‘अति’ एका खान्यात टाकल्या की सगळी मोजदाद वाया जाते.

‘ना हसू, ना भीती’ ही तक्रार वेगळी आहे आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे. विन्स्लेटच्या कामाचं कौतुक करणाऱ्या अनेक समीक्षकांनीही मालिकेचा सूर डळमळतो असं म्हटलं होतं. त्याचं कारण रचनेत सापडतं. विडंबनात हास्याची किंमत कुणीतरी मोजताना दिसावी लागते. इथे किंमत मोजणारी जनता बराच काळ महालाच्या भिंतीबाहेर राहते. आपल्याला खाण दिसत नाही, खाणीचा उल्लेख ऐकू येतो. त्यामुळे हसू सैल पडतं आणि भीतीलाही पकड मिळत नाही. भर म्हणून अपेक्षांचा गोंधळ. ट्रेसी हा ‘सक्सेशन’च्या लेखकांपैकी एक. ती मालिका आवडलेले लोक टोकदार संवादांची वाट बघत बसले आणि त्यांना परीकथेसारखा, जरा फुगवलेला बाज मिळाला. तुमच्या गटात असे किती होते हे विचारून घ्या. ‘मालिका सुरू करण्याआधी तुम्हाला ती कशासारखी असेल असं वाटलं होतं?’ या एका प्रश्नानं निम्मी कोडी सुटतात.

भाषेचाही वाटा आहे. विन्स्लेटनं एलेनाला तोंडाच्या एका बाजूनं बोलण्याची लकब दिली आहे. ती कानानं ऐकायची गोष्ट आहे. इंग्रजी उपशीर्षकं वाचत बघणाऱ्याचे डोळे खाली असतात, वाक्य पात्राच्या तोंडून संपण्याआधी वाचून झालेलं असतं आणि त्या क्षणी मंत्र्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते निसटतं. दळाकडे बघायचं तर नजर मोकळी हवी. चर्चेआधी दोन-तीन महत्त्वाचे प्रसंग उपशीर्षकं बंद करून पुन्हा बघायला सांगा. संवाद आधीच माहीत असल्यामुळे काही अडत नाही, आणि ‘अरे, हा मागे उभा होता हे बघितलंच नव्हतं’ असं हमखास ऐकायला मिळतं.

आता सगळ्यात अवघड चिठ्ठी: ‘बाई खंबीर आहे, आवडली.’ हिला चूक समजून बाजूला टाकू नका. विडंबन करणाऱ्यांना ही गोष्ट पन्नास वर्षांपासून छळते आहे. अमेरिकेत 1971 साली सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ मालिकेत आर्ची बंकर नावाचा पूर्वग्रहांनी भरलेला बाप होता. त्याचे पूर्वग्रह हास्यास्पद दिसावेत हा हेतू. 1974 साली विद्मार आणि रोकीच या संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला. हसत सगळेच होते. पण ज्यांचे स्वतःचे पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्ची आवडत होता आणि वादात शेवटी तोच जिंकतो असं त्यांना दिसत होतं. पुढे 2009 साली ‘द कोल्बेर रिपोर्ट’ या अमेरिकी विनोदी कार्यक्रमावर 332 जणांचा अभ्यास झाला. स्टीव्हन कोल्बेर त्यात कट्टर उजव्या निवेदकाचं सोंग करायचा. उदारमतवादी आणि पुराणमतवादी दोघांनाही तो सारखाच विनोदी वाटला. फरक इतकाच, की पुराणमतवादी प्रेक्षकांच्या मते तो विनोदाचं फक्त नाटक करत होता आणि बोलत होता ते त्याला मनापासून पटत होतं.

यातून कामाचा धडा असा: ‘हसलात का?’ या प्रश्नाला काडीची किंमत नाही. हसणारा कुणाच्या बाजूनं हसला हे त्यातून कळतच नाही. एलेनाच्या बाबतीत तर ओढ आणखी जास्त. विन्स्लेटसारखी नटी, भव्य महाल (चित्रीकरण व्हिएन्नातल्या खऱ्या राजवाड्यांत झालंय), भरजरी कपडे, जनतेला ‘लाडक्यांनो’ म्हणून केलेली भाषणं, बलाढ्य अमेरिकेला दिलेलं प्रत्युत्तर. हे सगळं पडद्यावर देखणं दिसतं, आणि देखण्या गोष्टीचं विडंबन करताना देखणेपणच आधी पोचतं. अशी चिठ्ठी लिहिणाऱ्याला एकच विचारा: ‘फबान कॉरिडॉर ताब्यात घेतला तो निर्णय तुम्हाला कसा वाटला?’ मालिकेत हा प्रदेश ‘आपलाच होता, परत जोडतोय’ या भाषेत गिळला जातो. उत्तर ‘बरोबर केलं’ असं आलं तर विडंबन त्या प्रेक्षकापर्यंत पोचलेलं नाही. ‘ते चुकलं, पण बाई जिद्दीची’ असं आलं तर तो अभिनयाचं कौतुक करतोय. चिठ्ठीवर दोघांचं वाक्य एकच होतं.

‘अगदी खरं वाटलं’ या चिठ्ठीवर मात्र लगेच खूश होऊ नका. लोक बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नेत्याबद्दल ‘खरं’ म्हणतात. याचं इजिप्तइतकं लख्ख उदाहरण दुसरं नाही. बासेम युसुफ हा हृदयशस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. 2011 च्या क्रांतीनंतर त्यानं घरातून यूट्यूबवर चार-पाच मिनिटांच्या चित्रफिती टाकायला सुरुवात केली आणि पुढे त्याचा ‘अल-बर्नामेग’ हा कार्यक्रम टीव्हीवर प्रचंड गाजला. राष्ट्राध्यक्ष मोर्सींना पाकिस्तानात मानद डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्यांनी घातलेल्या टोपीची भलीमोठी नक्कल डोक्यावर चढवून तो पडद्यावर आला. मार्च 2013 मध्ये त्याच्या अटकेचं वॉरंट निघालं, चौकशी झाली, 15,000 इजिप्शियन पौंडांच्या जामिनावर तो सुटला. मोर्सीविरोधी प्रेक्षक त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते.

मग 3 जुलै 2013 ला लष्करानं मोर्सींना हटवलं. 25 ऑक्टोबरला कार्यक्रम परत आला. या वेळी त्यानं लष्करप्रमुख सिसींना थेट फारसं छेडलं नाही. त्यानं सिसींवरच्या भक्तीची थट्टा केली, सिसींच्या चित्रांची चॉकलेटं विकली जात होती त्यावर तो बोलला. आणि कालपर्यंत हसणाऱ्यांपैकीच कितीतरी जण भडकले. तक्रारी झाल्या, नाट्यगृहाबाहेर निदर्शनं झाली, आणि 1 नोव्हेंबरला वाहिनीनं पुढचा भाग दाखवलाच नाही. दुसऱ्या वाहिनीवर तो फेब्रुवारी 2014 मध्ये सुरू झाला आणि जूनमध्ये युसुफनं कार्यक्रम कायमचा थांबवल्याचं जाहीर केलं. माणूस तोच, विनोदाची जात तीच, प्रेक्षकही बरेचसे तेच. बदललं एवढंच, की थट्टा राज्यकर्त्यावरून सरकून प्रेक्षकावर, त्याच्या टाळ्यांवर आली होती. विडंबनावरचा संताप बहुतेक वेळा इथूनच उसळतो.

म्हणूनच ‘खरं वाटलं’ म्हणणाऱ्याला ‘कोण आठवलं?’ असं विचारू नका. विचारायचं ते ‘त्या महालात तुम्ही नोकरीला असता, तर कुठल्या प्रसंगी तोंड उघडलं असतं?’ ज्याला हा प्रश्न अवघड वाटतो, जो थांबतो, विचार करतो, त्याला मालिका खरोखर भिडली आहे.

पुढच्या वेळी कसं करायचं ते सांगतो.

गट बारा ते सोळा जणांचा ठेवा. वीसच्या वर गेलात की चौघे बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. घरी बघताना प्रत्येकानं दर भागाला तीन क्षण टिपून ठेवायचे, भागातल्या मिनिटांसकट: कुठे हसू आलं, कुठे हसणं बरोबर वाटेना, आणि कुठे मोबाइल हातात घेतला. तिसरी नोंद लोक संकोचानं टाळतात, पण सगळ्यात प्रामाणिक तीच असते. ती टाळू नका असं आधीच प्रेमानं सांगून ठेवा. सगळ्यांच्या नोंदी एका कागदावर मिनिटांप्रमाणे मांडल्या की चित्र उभं राहतं. चार-पाच जणांचं हसू जिथे थांबलं तो प्रसंग चर्चेला घ्या. सगळे हसले तो प्रसंग चर्चेत काही देत नाही.

एकत्र जमल्यावर आधी लेखन, मग बोलणं, मग चहा. हा क्रम मोडला की संपलं. पहिला बोलणारा ‘काय अति होतं बाई’ म्हणाला की पुढचे चौघे त्याच शब्दात लिहितात. चिठ्ठीवर ‘आवडली का’, ‘किती तारे’ असलं काही नको. तीनच प्रश्न द्या आणि दहा मिनिटं द्या. एक, हसू आलेला एक प्रसंग आणि त्या वेळी पडद्यावर कोण कोण होतं. दोन, हसू थांबलेला एक प्रसंग. तीन, त्या देशात जे झालं त्याचा सगळ्यात जास्त दोष कुणाचा, एकच नाव. तिसऱ्या प्रश्नाला किती जण ‘एलेना’ लिहितात आणि किती जण एखादा मंत्री, झुबाक, एलेनाचा नवरा, अमेरिकन किंवा ‘सगळेच’ लिहितात, हा तुमचा खरा निकाल.

चिठ्ठ्या जमा होईपर्यंत आपल्याकडच्या कुठल्याही पुढाऱ्याचं नाव निघू देऊ नका. नाव निघालं की खोलीचे दोन तट पडतात आणि मग प्रत्येक जण मालिकेबद्दल न बोलता आपल्या तटाची राखण करतो. चिठ्ठ्या आल्यावर हवं तेवढं बोला. किती भाग बघितले हे चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून घ्या. दोन भाग बघणाऱ्यानं मालिकेचा फक्त गमतीचा भाग बघितलेला असतो, त्याची चिठ्ठी सहा भागवाल्यांत मिसळायची नाही.

आणि एक आठवड्यानं पुन्हा एक प्रश्न, फोनवर किंवा गटाच्या संदेशात: ‘त्या मालिकेतलं आता काय आठवतंय?’ कुठलीही आठवण करून न देता. विनोदातून आलेली गोष्ट माणूस त्या क्षणी ‘गंमत आहे’ म्हणून सोडून देतो, आणि काही दिवसांनी गंमत विरून आशय वर येतो, असं 2007 च्या एका अभ्यासातही दिसलं होतं. पहिल्या दिवशी ‘अति’ लिहिणाऱ्याला आठवड्यानंतर टाळ्या वाजवणारे पाहुणे आठवत असतील तर त्याची पहिली चिठ्ठी बदलू नका, दोन्ही शेजारी ठेवा.

इंटरनेटवरचे शेरे या सगळ्याला जोडायचे असतील तर शंभर पुरेत, पण निवडताना काळजी घ्या. दहापैकी दहा आणि दहापैकी एक देणारे सोडा. चार ते सातमधले लोक कारण लिहितात. शेऱ्याची तारीख बघा: ही मालिका आठवड्याला एक भाग अशी आली होती, त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यातला शेरा म्हणजे केवळ पहिल्या भागावरचा शेरा. वर्गवारी दोघांनी एकमेकांना न दाखवता करायची. आधी तीसच शेरे घ्या आणि जुळवून बघा. चोवीसपेक्षा कमी जुळले तर चूक वाचणाऱ्यांची नाही, खान्यांची आहे. बहुतेक वेळा ‘अति’ हा खानाच फुटलेला असतो. त्याचे ‘बाई अति’ आणि ‘बाकीचे अति गप्प’ असे दोन करा आणि पुन्हा तिसांपासून सुरुवात करा.